एकवीस गाठी

"काकी, शिडी द्या तुमची जरा."

राजाराम शेवाळे दुकानाच्या पायरीवर उभा होता. हा 'उगवता तारा' कबड्डी मंडळाचा सेक्रेटरी. एरवी बायकोच्या ब्लाऊजची पिशवी घेऊन आला तरी थेट मशीनजवळच्या स्टुलावर बसून चहाची वाट बघायचा. त्या सोमवारी मात्र आत आला नाही.

"कशाला पाहिजे?"

"फ्लेक्स उतरवायचाय."

"कुठला?"

त्यानं नुसती मान वर केली. माझ्या दुकानाच्या भिंतीवर, एसटी स्टँडच्या तोंडाला, बारा फुटी फ्लेक्स होता. त्यावर मांडीवर थाप मारणारा शीतल चौगुले, डोक्याच्या मागं सूर्य, आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. बावीस पुरुष आणि उजव्या कोपऱ्यात एक बाई. विजयमाला माने, मॉडर्न लेडीज टेलर. ती मी.

"शिडीचा पाय मोडलाय," मी म्हणाले.

शिडी अस्तराच्या गठ्ठ्यांना टेकून दोन्ही पायांवर धडधाकट उभी होती. राजारामनं शिडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "पाय बरा झाला की सांगा."

नाव शीतल असलं तरी तो सहा फुटी गडी. आमच्या भागात जैनांच्या घरी तीर्थंकरांच्या नावावरून मुलाचं नाव शीतल ठेवतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. टीव्हीवरच्या लीगमध्ये तो पहिल्यांदा उतरला तेव्हा बोलणारा माणूस नाव वाचताना अडखळला होता. त्या सामन्यात शीतलनं चौदा गुण मारले. पुढं कोणी अडखळलं नाही.

मी कबड्डीला लागले ती शिवणकामामुळं. मंडळाच्या चड्ड्या दर सामन्याला आसनात, दोन्ही मांड्यांच्या मधल्या शिवणीवर, फाटायच्या आणि माझ्याकडं यायच्या. तीनदा शिवून कंटाळले, म्हटलं एकदा बघू तरी ही माणसं करतात काय. मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले. एक पोरगा चढाईला गेला, पाय असा लांबवला की रेषेपलीकडच्या गड्याच्या अंगठ्याला टाच लावून माघारी आला. तो शीतल, तेव्हा सोळाचा. मी घरी येऊन आसनाला दुहेरी शिवण घातली आणि त्यानंतर एक सामना चुकवला नाही. नियम मला कोणी शिकवले नाहीत, बघून बघून आले. शिवणही तशीच आली होती.

माझा आवाज मोठा. बापू जगदाळे, म्हणजे मंडळाचे कोच, म्हणायचे, "माने वहिनी आल्या की लाऊडस्पीकरचं भाडं वाचतं." आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी दुसऱ्या जिल्ह्यातला एक गडी औषध घेताना सापडला होता. शिक्षा भोगून तो आमच्या मैदानावर खेळायला आला. तो चढाईला निघाला आणि मी ओरडले, "अरे, सुई माझ्या मशीनला असते, तुला कशाला लागती?" सगळं मैदान हसलं. पुढं 'सुई, सुई' असा घोषच सुरू झाला. तो गडी पहिल्याच पकडीत बाद झाला आणि खाली मान घालून बाहेर गेला. मला त्या दिवशी फार भारी वाटलं होतं.

आणि आता रविवारच्या पेपरात शीतल. लीगच्या वेळी घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं, खेळण्यावर तात्पुरती बंदी, दिल्लीच्या समितीपुढं सुनावणी, चार वर्षं होऊ शकतात. संध्याकाळपर्यंत स्टँडवरची माणसं फ्लेक्सकडं बघून ओरडायला लागली होती. काय ओरडत होती ते वेगळं सांगायला नको. शब्द माझेच होते.

राजाराम गेला आणि मी मशीनवर बसले. सुईत दोरा जाईना. कालपासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती.

त्या वर्षी पावसाळ्यात शीतल उजवा खांदा दुखावून तीन आठवडे घरी होता. हात कानापर्यंत जात नव्हता. सांगत कुणाला नव्हता, पण मी त्याचा शर्ट मापायला गेले आणि टेप धरल्याबरोबर त्याचा चेहरा मला कळला. माझ्या सासूबाईंचे गुडघे तेव्हा झाडपाल्याची औषधं विकणाऱ्या एका पाल्यावाल्याच्या चूर्णानं बरे झाले होते. काठी टेकून संडासला जाणारी बाई चौथ्या दिवशी देवळापर्यंत चालत गेली आणि येताना भांडून आली. मी म्हटलं, यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे. शीतलसाठी चूर्ण आणलं, रोजची एक अशा पुड्या केल्या आणि सुटू नयेत म्हणून प्रत्येकीला दोऱ्यानं गाठ मारली. माझी गाठ कात्रीशिवाय सुटत नाही. दर सोमवारी सात पुड्या घेऊन त्यांच्या मळ्यातल्या घरी चालत जायची. दोन कोसांची वाट, वर चिखल.

"रात्री दुधातनं घे. तोंडाला कडू लागंल."

"घेतो काकी."

दुसऱ्या सोमवारी त्यानं हात वर करून दाखवला. चक्क डोक्यावर.

"गुण आला काकी."

मी येताना दोन कोस गाणं म्हणत आले होते.

मी मशीन झाकलं, सासूबाईंच्या डब्यातली एक पुडी घेतली आणि इर्शाद मुजावरच्या मेडिकलमध्ये गेले. त्यानं पुडी उघडली, वास घेतला, बोटावर चोळली.

"काकी, हे कोण घेतंय?"

"सासूबाई. यात काय आहे ते सांग."

"तपासल्याशिवाय छातीठोक नाही सांगता येणार. पण चार दिवसांत गुडघा पळायला लावणारा पाला अजून उगवायचाय. असल्या चूर्णात स्टेरॉइड कुटून घालतात. आजींचा चेहरा सुजल्यासारखा झालाय का?"

"त्यांना वाटतंय तब्येत सुधारली."

"डॉक्टरांना दाखवा. आणि एकदम बंद करू नका, ते बी वाईट." मग तो माझ्याकडं बघतच राहिला. "काकी, बसा. पाणी देऊ?"

पाणी प्यायले आणि तशीच बापूंच्या घरी गेले. बापू रविवारपासून दाढी न करता बसले होते. शीतलला त्यांनीच घडवलेला. मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं हा माणूस मला मारेल. बापू उठले आणि माझ्या पाया पडायला वाकले.

"अहो, काय करताय?"

"वहिनी, तुम्हाला कळतंय का? त्यानं जाणूनबुजून घेतलं नाही असं दाखवता आलं तर शिक्षा निम्मी होती. चाराची दोन. अजून सव्वीसचा आहे तो. अठ्ठाविसाव्या वर्षी परत उभा राहील. तुम्ही लिहून द्याल?"

"त्यासाठीच आले."

"गाव तुम्हाला काय म्हणंल, विचार केलाय?"

"त्याला सुई म्हणतंय, मला पुडी म्हणंल," मी म्हणाले. विनोद केला खरा, पण पुढचं दिसत होतं. मुलगी अकरावीला होती, दुकानावर घर चालायचं, आणि गावाच्या एकुलत्या एका हिऱ्याला खड्ड्यात घालणारी बाई म्हणून उद्यापासून कोण माझ्याकडं ब्लाऊज टाकणार होतं? तरी एक सांगते. आतून कुठंतरी मला सुटल्यासारखं वाटत होतं. माझ्या हातून चूक झाली होती, पण माझा शीतल चोर नव्हता.

मंगळवारी दुपारी आम्ही मळ्यात गेलो. बापूंनी तालुक्याच्या वकिलाकडून दोन कागद करून आणले होते. एक माझा, एक शीतलचा. माझ्या कागदावर मी मोटारीतच सही केली.

शीतल गोठ्यासमोर कडबा कापत होता. आम्हाला बघून यंत्र थांबवलं, हात धुतले. त्याच्या आईनं, अक्कांनी, घोंगडं टाकलं. दोन दिवसांत ती बाई निम्मी झाली होती. चहा ठेवला, पण कुणाच्या तोंडाकडं बघेना.

बापूंनी सगळं सांगितलं. मी मध्ये एवढंच म्हणाले, "माझ्या अडाणीपणानं झालं, अक्का. मला माफ करा."

अक्का चुलीपासून उठल्या. माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं, पण त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही देवासारख्या आला. माझ्या पोरानं पाप केलं नाही एवढं कळलं, आता चार वर्षं होऊ देत न्हाईतर धा."

शीतल दाराच्या चौकटीला टेकून कागद वाचत होता. वाचायला वेळ लावत होता. बापूंनी पेन काढून टोपण उघडून त्याच्यासमोर धरलं.

"खाली कर सही. 'सदर चूर्ण मी विश्वासानं, अजाणता घेतलं.' एवढंच आहे."

शीतल आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा हातात बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा होता. माझ्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं.

"काकी, गाठी बघा."

पुड्या. लाल दोरा, निळा दोरा, पिवळा दोरा, त्या त्या आठवड्यात मशीनला जो होता तो. मी एक उचलली, दुसरी उचलली. मग मोजल्या. एकवीस. एकही गाठ कापलेली नव्हती.

"तू घेतलंच नाहीस."

"नाही."

"पण हात वर करून दाखवलास मला."

"ते दुसऱ्यानं," शीतल म्हणाला. "शनिवारी मी गाडीवरून जायचो ना, फिजिओकडं जातो म्हणून? फिजिओ नव्हता तो. सुया घेत होतो. काय आहे ते विचारून घेत होतो. खांदा फाटला होता, करार संपत आला होता, मागं तीन पोरं रांगेत होती. मला सगळं माहीत होतं."

अक्कांच्या हातातून माझे हात सुटले. त्या चुलीकडं वळल्या आणि उतू गेलेला चहा फडक्यानं पुसत बसल्या. किती वेळ पुसत होत्या.

बापू आधी भानावर आले. दाराबाहेर बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "डबा मी बघितला नाही. वहिनींनी बघितला नाही. चुलीत टाक आणि सही कर."

"बापू..."

"अरे गाढवा, बाई स्वतःच्या पायानं चालत आली. तिनं सही केली. तुला दोन वर्षं परत मिळत्यात."

"आणि काकींना?" शीतल म्हणाला. "काकींना काय मिळतंय?"

बापूंनी उघडं पेन खाली घेतलं.

"त्या मरेपर्यंत समजणार, आपण याला संपवला. दुकानात बसल्या तरी तेच, सामना बघितला तरी तेच. गाव बोलणार ते वेगळंच. मी परत खेळायला उतरणार आणि त्या कडेला उभ्या राहून मला बघणार." त्यानं कागदाची घडी केली. "चार वर्षं काढतो मी. हे नाही काढता येणार मला."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला," बापू माझ्याकडं वळले.

आता जी वेळ होती ती माझी होती. मला सगळं कळलं होतं आणि तरी मी म्हणू शकले असते की कर सही. माझ्या सहीचा कागद बापूंच्या खिशात होता. खरं सांगते, जीभ वळवळली. चौदा गुणांचा तो सामना डोळ्यांसमोर आला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"घेत नव्हतास तर 'गुण आला' कशाला म्हणालास?"

शीतलनं पहिल्यांदा मान खाली घातली.

"आम्हाला कॅम्पमध्ये बजावून सांगतात, बाहेरचं काही खायचं नाही. पण तुम्ही एवढ्या चिखलातनं चालत यायचात. नको कसं म्हणायचं?"

"मग टाकून द्यायचास."

"तुम्ही एकेक गाठ मारून आणलेली. टाकवलं नाही."

त्यानं त्याक्षणी माझी काही चूक काढली असती तर बरं झालं असतं. मी बापूंसमोर हात पसरला. त्यांनी कागद दिला. मी कात्री कायम पिशवीत ठेवते. कागद मधोमध कापला, मग आडवा, मग डबा उचलला आणि चालत निघाले. मोटारीत बसवलं नाही. वाटेत रडले ते त्याच्यासाठी नाही, माझ्याच रागानं. माझ्या पुड्यांचा अपमान झाला होता, माझा गडी चोर निघाला होता, आणि दोन्ही गोष्टी मला त्यानंच तोंडावर सांगितल्या होत्या. खोटं बोलला असता तर निदान एक तरी राहिली असती, असा तेव्हाचा माझा हिशेब. बाईमाणसाच्या रागाला हिशेब कुठं असतो, असं आमचे हे म्हणायचे. मी म्हणते असतो, पण उत्तर उशिरा येतं.

बुधवारी राजाराम आला. पायरीवरच.

"पाय बरा झाला का शिडीचा?"

"झाला. पण चढणार मी. तू धर."

मी वर चढले, कात्रीनं चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या कापल्या. फ्लेक्स माझ्या अंगावर आला, तो गुंडाळत खाली उतरले.

"द्या इकडं, जाळायचाय म्हणत्यात पोरं," राजाराम म्हणाला.

"भिंत माझी आहे," मी म्हणाले आणि आत नेला.

शीतलला चार वर्षांची बंदी झाली. सुनावणीत त्यानं कबूल केलं, कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर ढकललं नाही. परत आला तेव्हा तिशी ओलांडली होती, कुठल्या संघानं विचारलं नाही. आता स्टँडच्या मागं त्याचं पेंडीचं दुकान आहे. सासूबाईंचं चूर्ण डॉक्टरांनी हळूहळू तोडलं. गुडघे पुन्हा धरले आणि त्या शेवटपर्यंत मला बोलत राहिल्या की चांगलं चाललेलं सुनेला बघवलं नाही. पण सात वर्षं जगल्या. बिस्किटांच्या डब्यातल्या पुड्या मी गटारात रिकाम्या केल्या. डब्यात आता हूक असतात.

गेल्या दिवाळीच्या आधी शीतल पॅन्ट घेऊन आला. कंबर सोडवून वाढवायची होती, तिसऱ्यांदा. स्टुलावर बसला. कोपऱ्यातल्या टीव्हीवर लीगच्या बातम्या लागल्या होत्या. कुठल्यातरी संघाचा एक पोरगा नमुन्यात सापडला होता, बावीस वर्षांचा. राजाराम दारात होता. आता तोही म्हातारा झालाय, पण जीभ तशीच.

"काकी, ते तुमचं काय हो होतं? सुईचं? काय हसलं होतं मैदान."

"आठवत नाही मला."

"असं कसं? तुमचंच तर—"

"राजाराम, ब्लाऊज परवा मिळंल. जा आता."

तो गेला. मी पॅन्ट उलटी करून टेबलावर पसरली. दुसऱ्याचा दोष बघून ओरडायला मला आता जमत नाही, हे एक त्याच्यामुळं झालं. दुसरं असं की त्या मंगळवारनंतर मी एकही रात्र न झोपता काढलेली नाही. शीतल माझ्या चुकीपायी संपला, असं समजून मी जगले असते, वरवर हसत, आणि त्याला ते रोज दिसलं असतं. खेळणाऱ्याचं आयुष्य किती वर्षांचं असतं? त्यातली दोन वर्षं त्यानं सोडून दिली, मला खोट्या दोषाची पुडी गिळावी लागू नये म्हणून. हे मी त्याला अजून बोलून दाखवलेलं नाही. कंबर मात्र फुकट सोडवते. तो पैसे ठेवतो, मी पॅन्टच्या खिशात परत घालते, घरी गेल्यावर त्याला सापडतात.

मी पांढरा खडू शोधत होते, तेवढ्यात शीतल उठला आणि टेबलावरचं अंथरलेलं जाड कापड एका बाजूनं उचलून खाली डोकावला. दहा वर्षं मी त्याच्या पाठीवर कापड कापतेय. सूर्य फिका पडलाय, थापेचा हात मधूनमधून कात्रीनं चिरलाय.

"काकी, हा तो फ्लेक्स?"

"हो."

त्यानं आणखी थोडा उचलला. स्वतःकडं फार बघितलं नाही. उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"ही कोण?"

"वाचता येतं ना?"

त्यानं वाचलं. मी पॅन्ट नीट केली, खडूनं रेघ ओढली.

"शुभेच्छुक," मी म्हणाले. "हात काढ आता, कापड सरकतंय."